हेजिन आमच्याकडे राहिली तेव्हा

हेजिन आमच्या घरात पहिल्यांदा मोकळेपणी हसली ती आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. ते दौंड जंक्शनला सिग्नल खात्यात होते आणि केडगावहून रोज शटलनं जाऊन येऊन करायचे. त्या संध्याकाळी ते दारात चपला काढत होते, तेवढ्यात शेजारचा एकजण कंपाउंडवरून ओरडला, "ओ आप्पा, आलं का पाव्हणं?" हेजिन चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मी ओळख करून दिली, "हे आप्पा." तर ती तोंडावर हात धरून अशी हसली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग तिनं इंग्रजीत सांगितलं, आमच्या कोरियातसुद्धा वडिलांना आप्पाच म्हणतात. हे कळल्यावर आप्पा एवढे खूश झाले की पुढे आठवडाभर शटलमधल्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. "आरं, तिकडं दूरदेशी बी आप्पा म्हंजी आप्पाच हाय!"

ती कॉलेजात शिकणारी मुलगी होती. माझ्यापेक्षा एखाद वर्षानं मोठी. कॉलेजातून वर्षाची सुट्टी काढून परक्या देशातल्या गरिबांच्या मुलांना शिकवायचं, अशी त्यांच्याकडे काहीतरी सोय असते. तिला पुण्यातल्या एका छोट्या संस्थेकडे पाठवलं होतं आणि त्या संस्थेनं तिला आमच्या भागातल्या गुऱ्हाळांवरची मुलं नेमून दिली होती. पोरगी राहणार कुठं, हा प्रश्न आमच्या पाळकांनी रविवारी उपासनेनंतर चर्चच्या, आम्ही देऊळच म्हणतो, त्या देवळाच्या आवारात विचारला. माझ्या थोरल्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं, तिची कॉट रिकामी होती आणि त्या रिकाम्या कॉटकडे बघून आईला सारखं रडू यायचं. आई म्हणाली, "आमच्याकडं राहू द्या."

त्या घराचा विचार मनात आला की मला आधी वास येतो. केडगावच्या सगळ्या बाजूंनी गुऱ्हाळं होती. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा, खाली चुलाणात चिपाडाचा जाळ चालायचा आणि त्या गोड, करपट धुराचा वास आमच्या अंथरुणाला, दोरीवरच्या कपड्यांना, अगदी देवळातल्या बाकांनाही यायचा. उसाच्या चरकाचं इंजिन दिवसभर धडधडत राहायचं. मध्येच एखादी गाडी शिट्टी देत दौंडकडे निघून जायची. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज या सगळ्याच्या आत कुठंतरी चालू असायचा. हेजिनला भाकरी आवडली, पिठलं आवडलं, ठेचा तर ती नुसता खायची. एकदा तिनं बाजारातून कोबी आणि मुळे आणले, कोबीला मीठ चोळून ठेवलं आणि आमच्याच लाल तिखटात आलं-लसूण घालून तो बरणीत भरला. दोन-चार दिवसांनी झाकण उघडल्यावर आप्पा घराबाहेर पळाले. आईनं मात्र चाखून बघितलं आणि म्हणाली, "लोणचंच हाय की. जरा आंबलंय." त्यानंतर आमच्या घरात ते भाकरीबरोबर कायमचं आलं. तिला 'व' म्हणता यायचं नाही. मी वंदना, पण तिच्या तोंडात बंदना. आईला ती मावशी म्हणायची, तेही माबशी, आणि आप्पांना, तिला त्यात काहीच नवं शिकावं लागलं नव्हतं म्हणून, अगदी सहज आप्पा.

गुऱ्हाळावरची माणसं उत्तर प्रदेशातली. हंगाम सुरू झाला की बायकामुलांसकट यायची, चिपाडाच्या ढिगाशेजारी पालापाचोळ्याच्या झोपड्या घालायची आणि हंगाम संपला की निघून जायची. त्यांची मुलं हिंदी बोलायची, गावातली शाळा मराठी. शिवाय गाव सोडताना तिकडची शाळा सुटायची आणि इथली कधी सुरूच व्हायची नाही. हेजिनला हिंदी येत नव्हती, मराठी तर नाहीच. म्हणून मी तिच्याबरोबर जायला लागले. मी तेव्हा बीए करत होते, सकाळचं कॉलेज आटोपून मोकळी असायची. गुऱ्हाळाच्या मालकांनी, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, गुळाच्या ढेपा ठेवायच्या खोलीला लागून एक पत्र्याचा आडोसा होता तो दिला. तिथं मी अक्षरं शिकवायची आणि हेजिन गणित, चित्रं, गाणी. ती स्वतः मराठी अक्षरं मुलांबरोबरच शिकत होती आणि चुकली की मुलं तिला हसायची. मास्तरणीला हसता येतं, हे त्या मुलांना फार आवडलं होतं. आता शिरूरला शाळेत शिकवताना एखादं मूल माझी चूक काढतं, तेव्हा मला रागवावंसं वाटत नाही. ते मी कुठून घेतलं ते मला माहीत आहे.

त्या मुलांत गुडिया नावाची एक मुलगी होती. दहा-अकरा वर्षांची असेल. तिचा बाप चुलाणात चिपाड सारायचं काम करायचा, दिवसभर जाळासमोर उभा. आई नव्हती, आजी होती. गुडिया वाचायला एवढी पटकन शिकली की हेजिननं ठरवलं, हिला खऱ्या शाळेत घालायचंच. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण म्हणायचे, "बाई, ही पोरं चार महिन्यांत उठून जाणार. हजेरीपटावर नाव घेऊन मी काय करू?" हेजिन दर आठवड्याला जायची. मी भाषांतर करायची आणि दोघांच्या मध्ये बसून कंटाळायची. शेवटी ते एकदा म्हणाले, "बरं, घेऊन या पोरीला, बघतो."

त्या दिवशी सकाळी हेजिनला ताप होता. आईनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आज कुठं जायचं न्हाई." हेजिन म्हणाली, थोडाच आहे, आल्यावर झोपते. आम्ही गुऱ्हाळावर गेलो, गुडियाला घेतलं. आजीनं तिचे केस तेल लावून चापून बांधले होते. भर दुपारच्या उन्हातून आम्ही तिघी चालत शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी फळ्यावरचं वाचायला सांगितलं. गुडियानं वाचलं, न अडखळता, थोडं ओरडून वाचलं. त्यांनी नाव घालून घेतलं. परत येताना हेजिन रस्त्याकडेच्या दगडावर मध्येच बसली आणि म्हणाली, माझ्या डोळ्यांच्या मागे दुखतंय. गुडिया तिला आपल्या ओढणीनं वारा घालत होती.

पुढचं मला भरभर आठवतं, कारण झालंही भरभर. ताप उतरला नाही. अंगावर लाल ठिपके आले. आप्पा तिला घेऊन दौंडच्या दवाखान्यात गेले, तिथं रक्त तपासून लगेच पुण्याला न्या म्हणून सांगितलं. डेंग्यू होता. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आई तिच्याजवळ राहिली आणि मी आईचा डबा घेऊन जात-येत राहिले. संस्थेची माणसं, वकिलातीचा एक माणूस, फोनाफोनी, प्लेटलेट्स देणारी अनोळखी कॉलेजची मुलं. सगळे जेवढं करता येईल तेवढं करत होते. तिचे आई-वडील विमानात असतानाच ती गेली. मी खाली औषधाच्या दुकानासमोर उभी होते. आई जिना उतरून आली, तिच्या हातात हेजिनच्या चपला होत्या. मला काही विचारावं लागलं नाही.

तिच्या आई-वडिलांनी तिला पुण्यातच अग्नी दिला. आमच्यात पुरतात, म्हणून ते ऐकून आम्हाला जरा चमत्कारिकच वाटलं, पण विचारणार कोण? परत जाण्याआधी ती राहिली ते घर आणि ती शिकवायची ती जागा बघायची आहे, असा त्यांचा निरोप आला. दोघांनाही इंग्रजी जेमतेम. तेव्हा संस्थेनं शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा संदेश नावाचा एक मुलगा शोधून काढला. तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका कोरियन कंपनीत दुभाष्या होता. पुण्यात राहून ती भाषा शिकला होता, घरातला पहिला पगारदार माणूस. ते यायच्या दिवशी सकाळी त्यांच्या गाडीच्या आधीच तो मोटरसायकलवरून पोचला आणि आमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायला.

"मावशी, मी आधीच सांगतो," तो आईला म्हणाला, "मला मशीनची भाषा येती. लाइन बंद पडली, शिफ्ट बदलली, साहेब चिडलं, ह्ये सगळं सांगतो. आसलं कवा सांगितलं न्हाई."

"जेवढं यील तेवढं सांग बाबा," आई म्हणाली. "आमाला तेवढं बी येत न्हाई."

गाडीतून हेजिनचे वडील आधी उतरले. उंच, केस पांढरे, हात शरीराला घट्ट चिकटवलेले. मग तिची आई उतरली. तिच्या दोन्ही हातांत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक पेटी होती आणि ती पेटी तिनं कोणालाच धरू दिली नाही. कंपाउंडपलीकडे शेजारपाजारच्या बायका उभ्या होत्या. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "राख घरात घ्यायची व्हय?" आईनं तिकडे वळूनही बघितलं नाही. "लेक हाय ती," एवढंच म्हणाली, आणि हेजिनच्या आईला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. हेजिनच्या कॉटवर आईनं धुतलेली चादर घातली होती. ती पेटी तिथं ठेवली आणि दोघी बाजूला बसल्या. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी नेहमीसारखी हाक मारली, "आप्पा!" हेजिनचे वडील झटकन मागं वळले. माझे वडीलही वळले. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग माझ्या वडिलांनी, जे कुणासमोर रडलेले मी कधी पाहिले नव्हते, भिंतीकडे तोंड केलं.

आईनं पिठलं-भाकरी केली होती, आणि बरणीतला तो कोबी वाढला. तो हेजिननं शेवटचा भरलेला होता. तिच्या आईनं एक तुकडा तोंडात घातला, चावायची थांबली आणि संदेशला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "म्हंत्यात, मीठ जास्त टाकलंय. तिला कायम सांगायच्या, मीठ कमी टाक." आई मान हलवत म्हणाली, "व्हय, मी बी सांगायचे." आणि त्या दोघी, ज्यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, जवळजवळ हसल्या.

मग हेजिनच्या आईनं एक प्रश्न विचारला. संदेशनं तो ऐकला आणि ताटात बघत राहिला.

"काय म्हंती रं?" आईनं विचारलं.

"त्या विचारत्यात," तो म्हणाला, "शेवटी ती कुणाला हाक मारीत व्हती का?"

आईनं पदरानं हात पुसले. ती खोटं सांगेल असं मला वाटलं होतं, कारण आई चांगल्या कामासाठी खोटं सांगायची. तिनं सांगितलं ते असं. तापात शुद्ध नसताना हेजिन सारखी "ओम्मा, ओम्मा" म्हणत होती. आईला वाटलं, मावशी म्हणायला जमत नाही म्हणून काहीतरी म्हणतेय, आपल्यालाच हाक मारतेय. "मंग मी आपली दर येळेला ओ देत ऱ्हायले," आई म्हणाली. "ती म्हनायची ओम्मा, मी म्हनायचे ओ, हाय गं बाळा, हितंच हाय. मंग गप व्हायची. पुन्ना म्हनायची. मला तवा काय ठावं त्याचा अर्थ आई व्हतो म्हून, मागनं कळलं. ती तुमाला बलवत व्हती. तुमी नव्हता तर मी ओ दिली. चुकलं असंल तर..."

सांगता सांगता संदेश मध्येच अडखळला. पण त्यानं ते सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. हेजिनच्या आईनं ताट बाजूला सारलं आणि जमिनीवर हात टेकून आईसमोर वाकली, कपाळ फरशीला लागेपर्यंत. आई घाबरून उठायला गेली. "आगं बाई, आसं न्हाई करायचं, पाया पडत्याल का कुनी," असं म्हणत तिनं तिला दोन्ही दंडांना धरून उठवलं आणि उठवता उठवता स्वतःच तिच्या गळ्यात पडली.

दुपारी आम्ही गुऱ्हाळावर गेलो. तात्यांनी त्या दिवशी चरक बंद ठेवला होता, त्यामुळे तिथं कधी नव्हे एवढी शांतता होती. पत्र्याखाली मुलं अंघोळ करून बसली होती. त्यांनी हेजिननं शिकवलेलं गाणं म्हटलं, कोरियन शब्द त्यांच्या तोंडात पार बदलून गेले होते, पण चाल बरोबर होती. तिचे वडील उभे राहून ऐकत होते. गुडिया मात्र त्यांच्यात नव्हती. तिची आजी म्हणाली, दीदी गेल्याचं कळल्यापासून शाळेत जात नाही, जेवत नाही, चिपाडाच्या ढिगामागं जाऊन बसते.

मी तिकडे गेले. ती गुडघ्यात डोकं घालून बसली होती. "चल, दीदी की अम्मा आई है," मी म्हटलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. "वो मुझे मारेगी," ती म्हणाली. "मेरी वजह से दीदी को बुखार हुआ. मैं धूप में ले गई थी."

संदेश माझ्या मागोमाग आला होता, त्यानं ते ऐकलं. त्यानं परत जाऊन हेजिनच्या आईला सांगितलं की नाही हे मला विचारायचं धाडस झालं नाही, पण ती येताना दिसली. चिखल, चिपाडाचा भुसा, माश्या, कशाची पर्वा न करता ती ढिगाला पाठ लावून गुडियाच्या शेजारी जमिनीवर बसली. आणि बोलायला लागली, कोरियनमध्ये, हळू, मुलाला गोष्ट सांगावी तशी. संदेश भाषांतर करायला पुढं सरकला तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं. गुडियाला एक अक्षर कळत नव्हतं. पण बऱ्याच वेळानं तिनं डोकं वर काढलं आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघायला लागली. बाईनं आपली बोटं ओली करून तिच्या गालावरची माती पुसली.

"काय सांगत होत्या रे?" पत्र्याकडे परत येताना मी संदेशला विचारलं.

"तिच्या ल्हानपणचं," तो म्हणाला. "म्हंत्यात, ल्हान व्हती तवा बी ताप आला की लपवायची. थर्मामीटर बघितला की पळायची. परीक्षा असली, सहल असली, तर अंग तापलेलं आसताना बी जायची. मी आई आसून मला थांबवता आली न्हाई, तू तर एवढीशी हायस. तुला कशी थांबवता यील?" मग जरा थांबून म्हणाला, "ताई, मला वाटतं त्या सोताला बी सांगत व्हत्या."

मग ते मी गुडियाला कळेल अशा हिंदीत सांगितलं. तिनं विचार केला आणि मला विचारलं, "तो अब पढ़ाएगा कौन?" त्या क्षणी मला तो प्रश्न कठोर वाटला. आज वाटत नाही. मुलाच्या मनात दुःखाच्या शेजारी लगेच उद्या असतोच. मी म्हटलं, "मैं."

आणि मी शिकवलं. हंगाम संपेपर्यंत रोज जात राहिले. गुडिया शाळेत जायला लागली, पहिल्याच चाचणी परीक्षेत वर्गात वरच्या नंबरात आली आणि मुख्याध्यापकांनी ते मला रस्त्यात थांबवून सांगितलं. मग एका सकाळी मी गेले तर झोपड्या मोडलेल्या होत्या. त्यांची गाडी आदल्या दिवशी होती. पुढच्या हंगामात दुसरीच माणसं आली. तात्या मला म्हणाले, "पोरी, वाईट वाटून घेऊ नगंस. परदेशी मुलगी गेली म्हून माझ्याकडं पोलीस चौकशीला आलतं. आता हितं शाळा नगं." त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. पत्र्याखाली चिपाड भरलं होतं. दोन-तीन वर्षं मी हंगामाच्या सुरुवातीला त्या बाजूनं सायकल मारून यायची, झोपड्यांतून फिरायची, गुडियाच्या वयाच्या मुलींची तोंडं बघायची. मग माझं लग्न झालं आणि मी शिरूरला आले. गुडिया आता कुठं आहे, पुढं शिकली की नाही, मला माहीत नाही. हा भाग लिहिताना एखादा चांगला शेवट आठवेल असं मला वाटलं होतं. आठवला नाही, कारण तो नव्हता.

हेजिनच्या आईचा फोन मात्र येत राहिला. दरवर्षी, हेजिन गेली त्या दिवसांत, आईच्या मोबाईलवर. पहिल्या एक-दोन वेळा संदेशला मध्ये घेतलं. पण तो मग चेन्नईच्या कंपनीत गेला. त्यानंतर दोघी तशाच बोलायच्या. पलीकडून कोरियन, इकडून मराठी. आई गुऱ्हाळं बंद पडल्याचं सांगायची, आप्पा गेल्याचं सांगितलं, माझ्या मुलाच्या बारशाचं सांगितलं. मी म्हणायची, "अगं, तिला काय कळतंय?" आई म्हणायची, "ती बी सांगतीच की. मला कुठं कळतंय?" आणि पुन्हा बोलायला लागायची, अर्धा अर्धा तास.

आई गेली त्या वर्षी मी तिचा मोबाईल माझ्याजवळ ठेवला. फोन आला तेव्हा मी शाळेत होते, मधली सुट्टी होती आणि व्हरांड्यात मुलं डबे उघडत होती. "आई?" पलीकडून आवाज आला. आईचं नावच आई आहे असं त्या समजत असाव्यात. "आई नाही," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "आई?" मग आई गेल्याचं मी मला येईल तेवढ्या सोप्या इंग्रजीत सांगितलं. फोन बंद झाला असं वाटून मी तो कानाला घट्ट लावला, तर श्वास ऐकू येत होता. मग त्या बोलायला लागल्या, हळू, एकसारख्या, आणि मी एका बाजूला सरकून, भिंतीला टेकून, घंटा होईपर्यंत ऐकत राहिले. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

त्यानंतर फोन आला नाही. आईच्या नंबरवर मी अजून बॅलन्स टाकते.